टीम्सवर मुलाखत, त्यातच स्क्रीन शेअर करून एक्सेलची टेस्ट: तयारी नेमकी काय करावी?

कीर्दखतावणी
सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका कारखान्यात अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जागा आहे. तिची मुलाखत येत्या गुरुवारी सकाळी साडेअकराला व्हिडिओवर आहे. मेलमध्ये लिहिलंय ते असं: मायक्रोसॉफ्ट टीम्सची लिंक, ४५ मिनिटं, पॅनेलवर तिघं, ओळखपत्र जवळ ठेवा, आणि ‘स्क्रीन शेअर करून एक्सेलमध्ये थोडं काम करावं लागेल’.

माझ्याकडचं सामान: आय-थ्री लॅपटॉप, ४ जीबी रॅम, विंडोज १०, एक्सेल २०१६. बार्शीत घरी स्थानिक केबलवाल्याचं ४० एमबीपीएसचं फायबर. फोनवर रोज दीड जीबीचा पॅक. ब्लूटूथचे इअरबड्स. इन्व्हर्टर आहे, पण गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते आणि ती कधी येईल ते सांगता येत नाही. अनुभव सीए ऑफिसातला, अडीच वर्षं: जीएसटी, टीडीएस, टॅली.

नेट आणि विजेचं काय करू? नोट्स समोर ठेवल्या तर चालतं का? एक्सेलमध्ये साधारण काय करायला लावतील? ‘आत्मविश्वास ठेवा’ हे सोडून काहीही सांगा.

तांब्याची_तार
सोमवार, रात्री १०:०५

विजेपासून सुरुवात करतो, तुमचा खरा धोका तिथेच आहे. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असा एक खटका असतो, बहुधा मागच्या बाजूला. तो यूपीएसवर हवा. दुसऱ्या मोडला बॅटरीवर यायला जो क्षणभर जास्त वेळ लागतो तो पंख्याला कळत नाही, राउटरला कळतो. राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. मुलाखतीत दोन-तीन मिनिटं म्हणजे फार. उद्याच मेन स्विच स्वतः पाडून बघा. राउटरचे दिवे विझले तर खटका फिरवा. तरी विझत असतील तर राउटरपुरता मिनी यूपीएस आणा. आणताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर छापलेलं वाचून जा: बहुतेकांना १२ व्होल्ट लागतात, काहींना ९ किंवा ५. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

तुमचा राउटर जगला म्हणून नेट जगेलच असं नाही. केबलवाल्याची पेटी गल्लीत कुठल्या तरी खांबावर किंवा कुणाच्या जिन्यात असते. तिला वीज लागत असेल आणि तिथे बॅटरी नसेल, तर वीज जाताच तुमच्या राउटरवर वायफाय दिसत राहील पण पलीकडे काही नसेल. त्याला फोन करून एवढंच विचारा, ‘लाइट गेल्यावर तुमचं नेट किती वेळ टिकतं?’ त्याला उत्तर माहीत असतं, लोक नेट गेल्यावर त्यालाच फोन करतात.

म्हणजे फोन हा दुसरा रस्ता झाला. त्याचं गणित असं: व्हिडिओ नीट दिसायला दोन्ही दिशांना साधारण दीड एमबीपीएस धरा. तासाभरात एका दिशेला ६७५ एमबी, दोन्ही मिळून १.३५ जीबी. तुमचा दिवसाचा दीड जीबी. सकाळी उठून दोन रील पाहिल्या, घरातल्या कुणी हॉटस्पॉट घेतला, की मुलाखत संपायच्या आत पॅक संपतो आणि स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. तेवढ्यात चित्र तर नाहीच, आवाजही तुटक येतो. बुधवारी रात्रीच डेटा बूस्टर मारून ठेवा.

फोनचं नेट लॅपटॉपला द्यायचं तर वायफाय हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी केबलने द्या. हवेतला एक टप्पा कमी होतो, फोन चार्ज होत राहतो आणि लॅपटॉप आपोआप शेजारच्या वायफायवर उडी मारत नाही. केबल मात्र डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने टिदरिंगचं, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला द्यायचं, बटण फिकटच राहतं. फोनमध्ये दोन सिम असतील तर दुसरं सिम तेवढ्यापुरतं बंद करा. बऱ्याच फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल घेतला की पहिल्याचा डेटा थांबतो.

शेवटी स्पीड. ४० एमबीपीएस म्हणतात ते तुमच्याकडे येणारं. मुलाखतीत तुमचा चेहरा आणि स्क्रीन जायची असते, तेव्हा अपलोड बघा. आणि टेस्ट रात्री करू नका, मंगळवार-बुधवार सकाळी साडेअकरालाच करा. अपलोड २ एमबीपीएसच्या वर, पिंग (संदेश जाऊन परत यायचा वेळ) १०० मिलिसेकंदांच्या आत, जिटर (त्या वेळेतला चढउतार) ३० च्या आत असेल तर पुरे. आकडा मोठा असून जिटर ८०-९० दाखवत असेल तर आवाज रोबोटसारखा जाईल. तसं झालं तर आधी राउटरपासून लॅपटॉपला लॅन केबल लावा. केबल नसेल तर राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडून त्याच खोलीत बसा. भिंत मध्ये आली की ५ चा जोर २.४ पेक्षा लवकर ओसरतो.

उजेडात_या
सोमवार, रात्री ११:३०

वरच्या सगळ्याला दुजोरा. मी आवाज आणि चित्राचं बोलते, आणि आवाजाचं आधी. चित्र थोडं खराब असलं तरी लोक चालवून घेतात. शब्द कळेना की दोनदा विचारतात, तिसऱ्यांदा विचारत नाहीत, पुढच्या प्रश्नावर जातात.

इअरबड्स बाजूला ठेवा. ब्लूटूथवर माइक सुरू झाला की ते हँड्सफ्री मोडमध्ये जातात आणि दोन्हीकडचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. विंडोज १० मध्ये त्यांची दोन नावं दिसतात, एक ‘स्टिरिओ’ आणि एक ‘हँड्सफ्री’. माइक हँड्सफ्रीवर आणि स्पीकर स्टिरिओवर राहिला तर तुम्हाला काहीच ऐकू येत नाही, आणि आपण उगाच नेटला दोष देत बसतो. वर फोन वाजला की बड्स फोनकडे पळतात ते वेगळंच.

साधा वायरचा, माइकवाला इअरफोन घ्या. घेताना पिन निरखून बघा: पिनेवर तीन कड्या असतील तर माइक आहे, दोन असतील तर नुसतं ऐकायचं. लॅपटॉपला एकच भोक असेल तर तीन कड्यांची पिन सरळ चालते. जुन्या लॅपटॉपला हेडफोनचं आणि माइकचं अशी दोन भोकं असतात, तिथे माइक चालायला छोटा स्प्लिटर लागतो. वायरवरचा माइक कॉलरला घासला की पलीकडे खरखर जाते. शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी कपडे वाळत घालायच्या चिमट्याने वायर अडकवा, चिमटा फ्रेमच्या खाली राहतो, दिसत नाही.

मग विंडोजचं कॅमेरा अ‍ॅप उघडून दोन मिनिटं स्वतःला रेकॉर्ड करा, एकदा पंखा चालू ठेवून, एकदा बंद करून. लॅपटॉपच्या माइकवर पंख्याचा फडफडाट किती येतो ते ऐकल्याशिवाय खरं वाटत नाही. बार्शीच्या उन्हात पंखा बंद ठेवा असं कुणी सांगणार नाही, म्हणूनच वायरचा माइक.

चित्र. खिडकी चेहऱ्यासमोर हवी, पाठीशी नको. पाठीशी असली की कॅमेरा खिडकीचा उजेड मोजतो आणि तुमचा चेहरा काळा पडतो. साडेअकराला कुठल्या खिडकीतून ऊन थेट येतं ते आजच बघून ठेवा, थेट ऊन असेल तर पांढरी चादर किंवा पातळ ओढणी लावा. ट्यूबलाइटखाली चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसतात का? आपली वीज ५० हर्ट्झची आणि कॅमेऱ्याचं सेटिंग बहुधा ६० चं असतं म्हणून तसं होतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकर किंवा पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी ५० करा, पट्टे जातात.

लॅपटॉप नुसता टेबलावर ठेवला की कॅमेरा हनुवटीखालून बघतो आणि डोक्यावर पंखा गरगरतो. खाली जाड पुस्तकं घालून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा, साधारण १२ ते १५ सेंटिमीटर उचलावं लागतं. पण तुम्हाला एक्सेलमध्ये टाइपही करायचंय! उंच ठेवलेल्या लॅपटॉपवर मनगटं लटकतात आणि प्रत्येक की दाबली की चित्र हलतं. तेव्हा यूएसबीचा कीबोर्ड आणि माउस कुणाकडून तरी आणा. मिळाले नाहीत तर लॅपटॉप ५-६ सेंटिमीटरच उचला, खुर्ची थोडी मागे घ्या आणि पडदा कमी कलता ठेवा.

चष्मा असेल तर काचेवर पडद्याचा निळा चौकोन दिसतो. पडद्याची ब्राइटनेस अर्ध्यावर आणा. बारीक चौकड्यांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात रेषा वळवळतात.

कीर्दखतावणी
मंगळवार, सकाळी ८:२०

तार आणि उजेड, दोघांनाही धन्यवाद. मागे लोखंडी कपाट आणि त्यावर सुटकेस असा देखावा आहे. व्हर्च्युअल बॅकग्राउंड लावू की नको?

उजेडात_या
मंगळवार, सकाळी ८:४१

४ जीबी रॅमवर नको. तुमची आकृती कापून मागचं चित्र चिकटवायचं काम प्रत्येक फ्रेमला करावं लागतं. लॅपटॉप तापतो, त्याचा पंखा घोंगावतो आणि एक्सेल अडकतं. शिवाय हात हलवला की बोटं गायब होतात. कपाटावर एक साधी चादर टाका, इस्त्री केलेली. सुटकेस खाली उतरवा. भिंतीला टेकून मात्र बसू नका, मागे दोन-अडीच फूट मोकळं ठेवा, नाहीतर ओळखपत्राच्या फोटोसारखं दिसतं.

पॅनेलच्या_पलीकडे
मंगळवार, दुपारी १:१५

भरतीचं काम करते, तेव्हा पलीकडून काय दिसतं ते लिहिते.

नोट्स. वाचणारा माणूस पहिल्या मिनिटात ओळखू येतो. नजर डावीकडून उजवीकडे सरकते, परत मागे येते, आणि आवाज एका पट्टीत जातो. गेल्या काही वर्षांत दुसरीच शंका आली आहे: प्रश्न विचारला की तीन-चार सेकंद शांतता, कीबोर्डचा हलका आवाज आणि मग एकदम पुस्तकी उत्तर. असं दोनदा झालं की पॅनेल मुद्दाम आडवा प्रश्न टाकतं, ‘मागच्या महिन्यात तुम्ही केलेल्या रिटर्नमध्ये फरक कुठे निघाला?’ याचं उत्तर कुठलंही एआय देत नाही.

आकड्यांसाठी एक कागद मात्र चालतो. एका बाजूला, मोठ्या अक्षरात: किती क्लायंटची रिटर्न्स सांभाळता, त्यातली मासिक किती आणि तिमाही किती, नोटीस पीरियड, सध्याचा पगार, ऑफिस सोडण्याची तारीख. कीबोर्डच्या डावीकडे सपाट ठेवा आणि बघताना सांगा, ‘आकडे लिहून ठेवलेत, बघून सांगतो.’ लपवून बघण्यात तोटा, सांगून बघण्यात काही नाही.

कॅमेऱ्याकडे बघा असं सगळे सांगतात, जमत कुणालाच नाही, कारण माणसाचा चेहरा खाली असतो. म्हणून टीम्सची खिडकी लहान करून कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, पडद्याच्या वरच्या कडेला मधोमध नेऊन ठेवा. मग चेहऱ्याकडे पाहिलं तरी कॅमेऱ्याकडे पाहिल्यासारखंच दिसतं. स्वतःचा चौकोन दिसेनासा करता येतो, केस नीट आहेत एवढं पाहून झालं की लपवून टाका.

व्हिडिओवर आवाज क्षणभर उशिरा पोचतो. समोरचा थांबला असं वाटलं की मनात ‘एक’ म्हणा आणि मग सुरुवात करा, नाहीतर दोघं एकदम बोलता आणि दोघं एकदम ‘सॉरी, यू गो अहेड’ म्हणत राहता. तुटक आलं तर नुसतं ‘आवाज येत नाही’ म्हणू नका. कुठपर्यंत आलं ते सांगा: ‘सर, टू-बीचं रिकन्सिलिएशन इथपर्यंत ऐकू आलं, त्यापुढचं तुटलं.’ (टू-बी म्हणजे जीएसटीआर-२बी, पोर्टलवर तयार होणारं खरेदीच्या जीएसटीचं विवरण. रिकन्सिलिएशन म्हणजे जुळवणी.) त्यांना सगळा प्रश्न पुन्हा सांगावा लागत नाही, आणि तुम्ही ऐकत होतात हेही कळतं. प्रश्न मराठीत आला तर मराठीत उत्तर द्या, इंग्रजीत आला तर इंग्रजीत. अर्ध्यावर शब्द अडला आणि हिंदी-मराठीत घसरलात तर वाक्य पुरं करा, माफी मागत बसू नका.

ओळखपत्र दाखवायला सांगतील, कारण एकाच्या नावावर दुसरा बसण्याचे प्रकार होतात. पॅन कार्ड पुरतं. आधारच मागितलं तर मास्क्ड आधार दाखवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. लॅपटॉपचा कॅमेरा फार जवळचं स्पष्ट दाखवत नाही, कार्ड एक वीतभर लांब, स्थिर धरा. तुम्हाला अक्षरं उलटी दिसतील. ती फक्त तुम्हालाच उलटी दिसतात, पलीकडे सरळ जातात. कार्ड फिरवत बसू नका.

मुलाखतीच्या नावाखाली कुणी एनीडेस्क (दुसऱ्याला तुमचा लॅपटॉप चालवू देणारं अ‍ॅप) उतरवायला सांगितलं, ओटीपी विचारला किंवा नोंदणीचे पैसे मागितले तर ती मुलाखत नाही, फोन ठेवा.

शेवटी ‘एक्सपेक्टेशन’ विचारतील. हातात किती येणार ते आधी मोजून बसा. उदाहरणार्थ ३ लाख ६० हजार सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) म्हणजे महिना ३०,०००. बेसिक १५,००० धरलं तर त्यातून कंपनीचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे ७२१ वजा, उरले २७,४७९. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २००. हातात २५,४७९, फेब्रुवारीत शंभरने कमी. तुम्ही ‘तीस’ म्हणता तेव्हा हातात तीस की सीटीसी तीस, हे तोंडाने स्पष्ट सांगा.

आत किती आधी यायचं? पाच ते सात मिनिटं. वीस मिनिटं आधी आलात तर आधीच्या उमेदवाराच्या मुलाखतीत पॅनेलला ‘अमुक लॉबीत थांबला आहे’ अशी सूचना येत राहते. साडेअकरा उलटून दहा मिनिटं झाली आणि आत घेतलं नाही, तर मेलवर किंवा एचआरच्या नंबरवर एक ओळ टाका आणि लॉबीतच थांबा.

ताळा_जुळेना
मंगळवार, रात्री ९:५०

एक्सेल. कारखान्याची जागा आणि तुमचा अनुभव जीएसटीचा, म्हणजे खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी जुळवायला देतील अशी दाट शक्यता आहे. दोन शीट, चाळीस-पन्नास ओळी, दहा-पंधरा मिनिटं. ते बरोबर उत्तरापेक्षा तुम्ही कुठून सुरुवात करता ते बघतात.

थेट व्हीलूकअप (एका शीटमधली नोंद दुसऱ्या शीटमध्ये शोधणारं सूत्र) मारू नका. तीन ठिकाणी फसतं. पहिलं, बिल नंबर: रजिस्टरमध्ये ‘जीएस/००४५’, पोर्टलवर ‘जीएस-४५’. दुसरं, एका बिलात दोन दर असतील तर त्या बिलाच्या दोन ओळी येतात आणि व्हीलूकअप पहिलीच उचलतो. तिसरं, सूत्रातला शेवटचा चौथा भाग लिहिलाच नाही तर तो जवळपासचं जुळवतो. तिथे शून्य टाकायचं विसरलेला माणूस पॅनेलला लगेच दिसतो.

करायचं असं. आधी मूळ शीटची कॉपी करा, आणि करताय हे बोलून सांगा. वरच्या मर्ज केलेल्या ओळी काढा. ट्रिमने मोकळ्या जागा घालवा, सब्स्टिट्यूटने बिल नंबरातल्या तिरप्या आणि आडव्या रेघा घालवा. मधली शून्यं राहिली तर ती हाताने बघावी लागतील असं सरळ सांगा. मग दोन्ही शीटमध्ये जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी नोंदणी क्रमांक) आणि साफ केलेला बिल नंबर जोडून एक चावी तयार करा. जीएसटीआयएन १५ अक्षरांचा आहे ना ते लेन या अक्षरं मोजणाऱ्या सूत्राने तपासा, टायपिंगची चूक तिथेच सापडते. नंतर समइफ्सने त्या चावीवर कराची बेरीज आणा, दोन दरांच्या ओळी आपोआप एकत्र येतात. फरकाचा रकाना काढा आणि एक रुपयापर्यंतचा फरक राउंड ऑफ म्हणून सोडा. क्रेडिट नोटा वजा चिन्हाने आहेत का ते बघा, अर्धे फरक तिथून येतात. एक्सलूकअप, म्हणजे व्हीलूकअपचा नवा अवतार, तुमच्या २०१६ मध्ये नाही, तेव्हा ते नाव घेऊन अडकू नका.

उरलेल्या ओळींचे दोन ढीग होतात आणि खरा प्रश्न तिथे असतो. रजिस्टरला आहे, २बी ला नाही: त्या महिन्यात क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घ्यायचं नाही, पुरवठादाराच्या मागे लागायचं. २बी ला आहे, रजिस्टरला नाही: बिल नोंदवायचं राहिलं, माल वाटेत आहे किंवा पुरवठादाराने आपला जीएसटीआयएन चुकून टाकला.

सोबत तारखा पाठ असू द्या: जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) पुढच्या महिन्याच्या ११ ला, २बी १४ ला तयार होतं, मासिक ३बी (कर भरण्याचं रिटर्न) २० ला. टीडीएसचा भरणा ७ ला, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर क्रेडिट परत करावं लागतं. आर्थिक वर्षाचं राहिलेलं क्रेडिट घ्यायची मुदत पुढच्या ३० नोव्हेंबरला किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तेव्हा संपते. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक वस्तूंसाठी जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, हे विचारतातच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि पगाराखेरीजचा टीडीएस कलम ३९३ मध्ये एकत्र आला आहे. पॅनेल सवयीने १९४सी (कंत्राटदाराच्या टीडीएसचं जुनं कलम) म्हणेल. ‘जुनं १९४सी, आता ३९३ मध्ये’ असं उत्तर द्या.

स्क्रीन शेअर करताना फक्त एक्सेलची खिडकी शेअर करा, पूर्ण स्क्रीन नको. पूर्ण स्क्रीनवर व्हॉट्सअ‍ॅप वेबचा कोपऱ्यातला संदेश तिघांना दिसतो. एकच फाइल, एकच खिडकी ठेवा. दुसरी वर्कबुक उघडली तर ती वेगळ्या खिडकीत जाते, आणि तुम्ही तिच्यात काम करत असता तेव्हा पॅनेल जुनीच बघत असतं. झूम १३० टक्के करा, पलीकडे कुणी लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर बघत असेल. फॉर्म्युला बार दिसू द्या.

सगळ्यात महत्त्वाचं: सराव करायला किंवा ‘माझं काम दाखवतो’ म्हणून सध्याच्या ऑफिसातल्या क्लायंटची फाइल उघडू नका. सीए ऑफिसातून आलेला माणूस दुसऱ्याचा डेटा दाखवतो, एवढ्यावरच नाव कापलं जातं. नावं आणि आकडे बदलून स्वतःची नमुना फाइल बनवा.

खाडीपार
बुधवार, सकाळी ७:५५

धागा पळवतोय, माफ करा. दुबईतून लिहितोय. माझी लंडनच्या पॅनेलशी मुलाखत आहे, आणि भारतातले एचआर तिसऱ्याच वेळेचा मेल पाठवतात. नेमकी वेळ कशी मोजायची?

पॅनेलच्या_पलीकडे
बुधवार, सकाळी ९:१०

दुबई भारताच्या दीड तास मागे, बारा महिने. लंडन मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारताच्या साडेचार तास मागे असतं, एरवी साडेपाच. म्हणजे तुमच्या आणि लंडनच्या वेळेत उन्हाळ्यात तीन तास, हिवाळ्यात चार. अमेरिकेचे काटे मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हलतात, म्हणून मार्चमध्ये दोन-तीन आठवडे सगळ्यांचीच गणितं चुकतात. मेलच्या मजकुरातल्या वेळेपेक्षा कॅलेंडरचं आमंत्रण स्वीकारा, फोन स्थानिक वेळ आपोआप दाखवतो. दोन्हींत फरक दिसला तर उत्तरात दोन्ही शहरांची वेळ लिहून पक्की करून घ्या.

कीर्दखतावणी
बुधवार, दुपारी १२:४०

मूळ धाग्यावर येतो. मेन पाडून बघितला: राउटर विझला, यूपीएस मोडवर टाकल्यावर टिकला. केबलवाला म्हणतो त्याची पेटी तासभर टिकते. बूस्टर मारला. आज साडेअकराला मोफत टीम्सवर मित्रासोबत सराव केला, तर दोन घोटाळे. एज ब्राउझरमधून लिंक उघडली, कॅमेरा सुरूच झाला नाही. आणि शेअर केल्यावर मित्राला मधेच एक्सेलऐवजी गोठलेलं चित्र दिसत होतं.

तांब्याची_तार
बुधवार, दुपारी १:०५

कॅमेऱ्याची तीन कारणं, याच क्रमाने बघा. ब्राउझरने परवानगी विचारली तेव्हा ‘ब्लॉक’ दाबलं गेलं असेल: पत्त्याच्या डावीकडचं कुलूप दाबून कॅमेरा आणि माइक दोन्ही ‘अलाउ’ करा, पान पुन्हा उघडा. नाहीतर विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग कॅमेरा, आणि अगदी खाली डेस्कटॉप अ‍ॅप्सना परवानगीचं बटण सुरू करा. नाहीतर काल रेकॉर्डिंगसाठी उघडलेलं कॅमेरा अ‍ॅप मागे चालूच असेल. एकाने कॅमेरा धरला की दुसऱ्याला मिळत नाही.

गोठण्याचं कारण बहुधा हे: खिडकी शेअर करून तुम्ही ती मिनिमाइझ केली. मिनिमाइझ झालेल्या खिडकीचं नवं चित्र तयारच होत नाही, म्हणून जुनं अडकून राहतं. टीम्सकडे यायचं तर एक्सेल खाली दाबू नका, ऑल्ट आणि टॅबने या. तरी अडकलं तर रॅम. एजमध्ये एकच टॅब, टॅली बंद, वनड्राइव्ह आणि व्हॉट्सअ‍ॅपचं अ‍ॅप बंद, फोकस असिस्ट ‘अलार्म्स ओन्ली’वर. आज रात्री लॅपटॉप रीस्टार्ट करून राहिलेले अपडेट होऊन जाऊ द्या आणि मग पुढचे आठवडाभर थांबवा. रीस्टार्ट करा, शटडाउन नाही. विंडोज १० चं शटडाउन बहुधा पूर्ण साफ होत नाही, फास्ट स्टार्टअपसाठी काही भाग जपून ठेवतं.

फोनवर टीम्स उतरवून तीच लिंक उघडून बघा, नाव टाकायच्या पायरीपर्यंत जा आणि थांबा. उद्या लॅपटॉपने मान टाकली तर अर्ध्या मिनिटात फोनवरून आत याल. उन्हाळ्यात टिदरिंगवरचा फोन तापतो, कव्हर काढून सावलीत ठेवा.

कीर्दखतावणी
बुधवार, रात्री ८:१५

परवानगीच अडली होती, आता कॅमेरा चालतो. एकच राहिलं. घंटागाडी बरोबर अकरा चाळीसच्या सुमारास येते, गाणं लावून, आणि आमच्या दारासमोर पाच मिनिटं उभी राहते. म्यूट करून बसू का?

उजेडात_या
बुधवार, रात्री ८:३२

ते बोलत असतील तेव्हा म्यूट करा. तुमची पाळी असेल तर एकदाच सांगा, ‘बाहेर पालिकेची गाडी आली आहे, दोन मिनिटांत जाईल,’ आणि बोलत राहा. पुण्यातही ती गाडी येते, त्यांना समजेल. खिडकी त्या वेळेपुरती कुणाला तरी बाहेरून लोटून घ्यायला सांगा, तुम्ही उठू नका. आणि कचऱ्याची बादली आजच रात्री दाराबाहेर ठेवा, म्हणजे उद्या ‘अहो, कचरा!’ अशी हाक यायची नाही.